टीव्हीएस डायोड लावूनही सर्किट जळतंय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात ट्रॅक्टरमधला एक जीपीएस ट्रॅकर रिपेअरला आला, फ्यूज उडालेला आणि इनपुटला मीटर लावला तर बझर सलग वाजतोय. बाकी बोर्ड ठणठणीत. शॉर्ट होता तो संरक्षणासाठी लावलेला टीव्हीएस डायोडच, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका (सर्ज) स्वतःवर घेऊन पुढचं सर्किट वाचवणारा, त्यावर छापलेलं पी६केई१२ए. बारा व्होल्टची बॅटरी म्हणून बारा नंबरचा डायोड, ही चूक इतक्यांदा बघितलीय की झाकण उघडलं की मी आधी नंबरच वाचतो.

पी६केई आणि १.५केई सिरीजमध्ये तो आकडा ब्रेकडाऊनचा असतो, म्हणजे जिथे डायोड कंडक्ट व्हायला लागतो तो. १२ए चा स्टँडऑफ, म्हणजे जिथपर्यंत तो शांत बसतो ते व्होल्टेज, फक्त १०.२ व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना लाईनवर १४ च्या आसपास व्होल्टेज असतं, मग तो पहिल्या दिवसापासून तापत राहतो आणि शेवटी शॉर्ट होतो. एसएमएजे, एसएमबीजे मध्ये मात्र आकडा स्टँडऑफचा असतो. म्हणून "दोन्ही पंधराचेच आहेत" म्हणत पी६केई१५ए च्या जागी एसएमबीजे१५ए टाकू नका, पहिला २१.२ ला क्लॅम्प होतो, म्हणजे झटका आला की व्होल्टेज तिथे रोखून धरतो, दुसरा २४.४ ला.

क्लॅम्पिंग व्होल्टेज तर बरेच जण बघतच नाहीत. एसएमबीजे२४ए २४ ला सर्ज अडवत नाही, फुल पल्स करंटला ३८.९ पर्यंत जाऊ देतो. मागे ४० व्होल्टचा एलएम२५९६ (व्होल्टेज कमी करणारा आयसी) असेल तर जेमतेम निभावतं, पण इनपुटचा कपॅसिटर ३५ व्होल्टचा असेल तर?

वॅटेजचंही तसंच. एसएमबीजे चे ६०० वॅट साधारण एक मिलिसेकंदाच्या पल्ससाठी असतात. चालू इंजिनमध्ये बॅटरीची वायर निघाली तर अल्टरनेटरकडून जो लोड डंप येतो तो ४०० मिलिसेकंदांपर्यंत टिकू शकतो, तिथे एसएम८एस सारखा मोठा डायोडच लागतो, आणि त्याच्या आधी फ्यूज हवाच.

जागा पण चुकवू नका, डायोड कनेक्टरला चिकटून आणि ग्राउंड ट्रॅक आखूड. एक सेंटीमीटर ट्रॅक म्हणजे ढोबळमानाने १० नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंट अचानक बदलायला होणारा विरोध), स्टॅटिकच्या झटक्यात एका नॅनोसेकंदात ३० अँपिअर चढले तर तेवढ्या ट्रॅकवरच ३०० व्होल्ट पडतात, मग डायोड कितीही भारी असू दे.

चेक करताना, बँडवाली बाजू प्लसला आहे ना ते बघा. शॉर्ट झालेला मीटरवर लगेच कळतो. पण सीए वाला, म्हणजे दोन्ही बाजूंचा डायोड, चांगला असला तरी मीटर दोन्हीकडून ओपनच दाखवतो, आणि ओपन होऊन मेलेला असला तरी तेच दाखवतो. अशावेळी १ के रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून बेंच सप्लाय हळूहळू ३२ पर्यंत न्या आणि मीटर डायोडवर ठेवा, एसएमबीजे२४सीए असेल तर रीडिंग २६.७ ते २९.५ च्या मध्ये कुठेतरी अडकलं पाहिजे, सप्लायसोबत वर चढतच राहिलं तर डायोड गेलाय, बदला.