सैन्यात पूर्णवेळ जायचं, की काम सांभाळून टीएत? असं ठरवा

मी सीए आहे, स्वतःची प्रॅक्टिस चालवतो आणि टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत, अधिकारी आहे. आपलं नोकरी-धंद्याचं काम सांभाळून वर्षातला काही काळ सैन्यात सेवा करायची, ती ही टीए. "रेग्युलर की टीए?" असं कुणी विचारलं, की मी आधी वय विचारतो.

पंचविशीच्या आत असाल आणि सैन्यातच आयुष्य काढायचं असेल, तर टीए आत्ता बाजूला ठेवा. सीडीएस या सैन्यभरतीच्या परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जायची संधी पंचविशीच्या आसपास संपते, टीएची ४२ पर्यंत असते. तिथून मिळणाऱ्या शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेची, १० वर्षं करून, बाहेर नोकरीला लागून टीएत येता येतं. "टीएतून मागाहून रेग्युलरमध्ये जाऊ" या भरवशावर मात्र राहू नका. टीए म्हणजे पूर्णवेळ करिअर नव्हे, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

टीए त्यांच्यासाठी, ज्यांचा कामात जम बसलाय आणि तरीही वर्दीची ओढ सुटत नाही. पदवी आणि स्वतःची कमाई हवी. धोनीला २०११ मध्ये टीएत मिळालेली रँक मानद आहे. आपल्याला लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या), मेडिकल हे सगळं पार करावं लागतं.

आता वेळेचं बघा. पहिल्या वर्षी महिनाभराचं बेसिक ट्रेनिंग, दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं पोस्ट-कमिशन, म्हणजे अधिकारी झाल्यानंतरचं, ट्रेनिंग. तेवढे दिवस तुमचं काम कोण बघणार, त्या माणसाचं नाव आत्ताच सांगता आलं पाहिजे. जुलैत रिटर्न्स, सप्टेंबरात ऑडिट. माझे क्लायंट तेव्हा कुणाची वाट बघत थांबत नाहीत, म्हणून मी आधी पार्टनर घेतला, मग फॉर्म भरला. खासगी नोकरीत असाल तर रजेचं कंपनीकडून लेखी घ्या. सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्याला परत कामावर घेण्याची तरतूद टीए कायद्यात आहे, पण साहेबांशी आधीच मोकळेपणाने बोललेलं केव्हाही बरं.

आणि कॅम्पपुरतंच सगळं असतं, असं समजू नका. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले. टीएच्या ३२ पैकी १४ इन्फन्ट्री (पायदळ) बटालियन तैनात करायला मंजुरी होती, आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत. बोलावणं आलं की जावंच लागतं, आणि किती काळासाठी ते आपल्या हातात नसतं. घरी हे फॉर्म भरण्याआधी सांगा. माझ्या बायकोने पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि मी तिला कुठलीही तारीख दिली नाही, कारण ती देता येतच नाही.

पैशांचं गणित सरळ आहे. सेवेवर असताना रेग्युलर अधिकाऱ्याइतकाच पगार मिळतो, एरवी नाही. त्यामुळे घराचा हप्ता आपल्या कामाच्या उत्पन्नावरच बसवा. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी प्रत्यक्ष सेवेची २० वर्षं भरावी लागतात आणि दरवर्षीच्या दोन महिन्यांनी ती भरत नाहीत. पीपीएफ, एनपीएस जे काही चालू असेल, ते टीएत गेल्यावरही बंद करू नका.