हॅचबॅकसाठी परफॉर्मन्स समर टायर: घेताना आणि चालवताना

टायरचा ब्रँड मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते हवामान. समर टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. शून्याच्या खाली गाडी हलवलीत तर ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खोबणीदार भागाला, चिराही पडू शकतात. तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर हिवाळ्यासाठी वेगळा सेट लागणारच, तिथे काटकसर नको. पावसाची मात्र चिंता करू नका. चांगला समर टायर ओल्या रस्त्यावर ऑल सीझनपेक्षा सहसा लवकर थांबतो.

मग साइज. समजा गाडीला कंपनीकडून 195/55 R16 87V आले आहेत. 195 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 55 म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या 55 टक्के, 16 म्हणजे रिमचे इंच. 205/45 R17 वर जायचं असेल तर गणित घालून बघा: जुन्या टायरचा एकूण व्यास साधारण 621 मिमी, नव्याचा 616. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही. खरी मेख पुढच्या आकड्यात आहे. 87 म्हणजे एका टायरवर 545 किलो भार. 205/45 R17 मध्ये 84 चा टायरही मिळतो आणि 88 चाही. साइज तीच, पण 84 फक्त 500 किलो पेलतो. चार माणसं आणि सामान भरल्यावर हा फरक कामाला येतो. तेव्हा 88 आणि सोबत 'एक्सएल' (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त भार पेलणारा) लिहिलेलाच घ्या. शेवटचं अक्षर वेगाचं: व्ही म्हणजे ताशी 240 किमी, डब्ल्यू म्हणजे 270. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर, दोन्हींपैकी काहीही मूळ टायरपेक्षा खाली नको.

खरं सांगायचं तर रोज खड्ड्यांतून जाणाऱ्याला मी 17 इंच सुचवत नाही. साइडवॉल 107 मिमीवरून 92 वर येते, आणि रिम वाकणं, साइडवॉलला फुगा येणं वाढतं. 16 इंचावरच चांगल्या स्पोर्ट कंपाउंडचे, म्हणजे जास्त पकडीच्या रबराचे, टायर टाका. स्टीअरिंगमधला फरक तेवढ्यानेही हाताला कळतो.

दुकानात टायर गाडीवर चढण्याआधी साइडवॉलवरच्या डॉट कोडचे ('DOT' ने सुरू होणाऱ्या ओळीचे) शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे टायर 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. दोन वर्षांहून जुना माल मी परत करते. चारही टायर एकाच मॉडेलचे असावेत. साइडवॉलवर 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. घाईत फिटर उलटा बसवतो, म्हणून गाडी जॅकवरून उतरण्याआधी चारही चाकं स्वतः फिरून बघा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, थोडा जरी चुकला तरी मऊ रबर भराभर झिजतं. ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर टो चुकलाय.

पहिले काही शे किलोमीटर गाडी सबुरीने चालवा, कारण नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो. हवा गार टायरमध्येच मोजा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. हायवेवर चाललेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतील, ते काढू नका. सकाळी पहिल्या वळणांवर पूर्ण पकडीची अपेक्षा करू नका, रबर आधी तापू द्या.

बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढची चाकंच ओढतात आणि वळवतातही. म्हणून ब्रेक सरळ रेषेत लावून संपवा, मग वळा, आणि स्टीअरिंग सरळ होत जाईल तसा अ‍ॅक्सिलरेटर द्या. वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला लागलं की आणखी स्टीअरिंग फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. पाय हळूच उचला, पुढची चाकं पुन्हा पकडतात. पाय झटकन काढलात तर मागची बाजू सुटू शकते.

रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं की वेग आधीच कमी करा, कारण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि रस्त्याची पकड सोडतो. ट्रेड जितका झिजलेला तितका हा धोका मोठा. खोबणीतल्या उंचवट्याच्या खुणा 1.6 मिमीच्या असतात. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा तीच. मी 3 मिमीला बदलते. दोनच टायर नवे घेतले तर ते मागे लावा, पुढे नाही. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं पुढची सुटण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.