रोम पायी बघताय? या चुका टाळा

मी जर्मनीत राहते. दर उन्हाळ्यात घरचं कुणी ना कुणी येतं आणि त्यांना रोम बघायचंच असतं. येताना हातात यादी असते : एका दिवसात बारा ठिकाणं. नकाशावर कलोसियमपासून सेंट पीटर्स चर्चपर्यंत चार किलोमीटरच तर दिसतात! पण एकट्या फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि शेजारच्या पॅलाटाइन टेकडीतच चढउतार करत तीन तास जातात, हे नकाशा सांगत नाही. मी पाचच ठिकाणं ठेवते. बाराचा हट्ट धरणाऱ्यांना संध्याकाळी विचारा, निम्मी नावंसुद्धा आठवत नाहीत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नवे बूट. आमच्या मामांनी निघायच्या आदल्या आठवड्यात घेतले होते. मी फोनवर म्हटलं, जुनेच घाला. ते म्हणाले, "अगं, राजगड चढलोय मी, रस्त्यावर चालायला काय होतंय?" रोमच्या जुन्या भागात रस्ते काळ्या दगडांच्या ठोकळ्यांचे आहेत. माथा गुळगुळीत, मध्ये फटी. पाऊल दर वेळी थोडं तिरकं पडतं आणि टाच घासत राहते. फोरममधल्या प्राचीन रस्त्याच्या फरशा तर त्याहून ओबडधोबड. दुपारी एकपर्यंत मामांच्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या.

मामा बांधकाम अभियंता. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराचा घुमट बघायचा म्हणून ते रोमला आले होते. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचं काँक्रीट, आत लोखंडाची एक सळई नाही, व्यास 43 मीटर आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच. सळईविना उभा असलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. आम्ही लंगडत तिथवर पोचलो, तर बाहेर लांबलचक रांग. मामा समोरच्या कारंज्याच्या पायऱ्यांवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन." दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. मला ते अजून लागून राहिलंय. तेव्हापासून पाहुण्यांना किमान महिनाभर वापरलेले बूट आणायला सांगते, टाचेला सकाळीच चिकटपट्टी लावते, आणि ज्याला जे सर्वांत जास्त बघायचं असेल ते दिवसातलं पहिलं ठेवते.

दुसरी चूक दुपारच्या वेळेची. सेंट पीटर्ससारखी मोठी चर्च दिवसभर उघडी असतात, पण बरीच लहान चर्च दुपारी दोन-तीन तास बंद होतात. रोमची कितीतरी उत्तम चित्रं याच लहान चर्चमध्ये आहेत. सान लुईजी देई फ्रांचेझीत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, तीही फुकट बघायला मिळतात. लोक जेवण उरकून रमतगमत जातात आणि बंद दारासमोर फोटो काढून परततात. चर्च सकाळी, जेवण नंतर. सुटी नाणी जवळ ठेवा. काही ठिकाणी पेटीत नाणं टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो. दिवा विझला की दुसरं टाका, घाई करू नका.

सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ओढणी पिशवीत असू द्या. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, 2019 पासून मनाई आहे आणि दंड होतो. कलोसियमच्या तिकिटात फोरम आणि पॅलाटाइनही येतात, वेगळं तिकीट विकणाऱ्याला पैसे देऊ नका. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा.

आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेणं थांबवा. रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ आहेत, 1874 पासूनचे. गार, पिण्यायोग्य पाणी सतत वाहत असतं. नळाचं तोंड खालून बोटानं दाबून धरलं की वरच्या भोकातून धार उडते. वाकून तोंड लावा.