‘फ्राका’मधला निशिगंध कसा ओळखावा

रोबेर पिगे या पॅरिसच्या फॅशनगृहासाठी जर्मेन सेलिए यांनी १९४८ साली घडवलेले ‘फ्राका’ हे निशिगंधाच्या परफ्यूमांमध्ये आजही मानदंड मानले जाते. आज दुकानात मिळणारी बाटली तेव्हाच्या सूत्राबरहुकूम नसली, तरी तिचा स्वभाव तोच आहे. तो समजून घेण्याची पुणेकरांना एक मोठी सोय आहे, ती म्हणजे मार्केट यार्डात ज्याला गुलछडी म्हणतात ते मूळ फूल. परफ्यूम हुंगायच्या दिवशी संध्याकाळी मंडईतून निशिगंधाची एक छडी आणावी. मात्र ती एकेरी पाकळ्यांची असावी, कारण दुहेरी फूल दिसायला भरगच्च असले तरी वासाला उणे असते.

छडी पाण्यात ठेवून मनगटाच्या आतल्या बाजूला एकच फवारा मारावा आणि दुसरा कागदाच्या पट्टीवर. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. मिनिटभरात अल्कोहोल उडून गेल्यावर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा आणि संत्र्याच्या मोहोराचा तरतरीत वास येतो, पण तो फार वेळ टिकत नाही.

यानंतर नुकतेच उमललेले फूल नाकाशी धरून सावकाश हुंगावे. गोडव्याआधी मुरगळलेल्या पायाला चोळायच्या बामासारखी एक थंड झाक जाणवेल. बामात असते तेच मिथाइल सॅलिसिलेट या फुलातही असते. तिच्यामागे लोण्यासारखा, किंचित नारळाकडे झुकणारा स्निग्धपणा असतो आणि अगदी तळाशी इंडोल या फुलातल्याच रसायनाचा जड, डांबरगोळीची आठवण देणारा वास. पुष्कळांना हा शेवटचा वास दोष वाटतो. माझ्या मते त्याच्यावाचून निशिगंध नुसता गोडमिट्ट झाला असता. आता मनगट हुंगावे. ‘फ्राका’मध्ये बामाची झाक मागे सरलेली आणि लोण्याचा स्निग्धपणा, मोगऱ्याच्या कुळातल्या जाईची साथ घेऊन, पुढे आलेला आढळेल. हा पहिल्या अर्ध्या तासापासून दोनेक तासांपर्यंतचा काळ सर्वांत श्रीमंत असतो, म्हणून घाई करू नये. नाक थकले तर कॉफीच्या बिया हुंगण्याऐवजी स्वतःची धुतलेली बाही हुंगावी, कारण कॉफीला तिचाच उग्र वास असतो.

रात्री दहाच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. छडीचा दरवळ वाढत गेलेला असतो आणि मनगटावरचा वास मात्र मऊ पडत चाललेला असतो. फूल खुडल्यानंतरही आपला गंध तयार करत राहते, म्हणूनच फ्रान्समधल्या ग्रास येथे निशिगंधाची फुले चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि तिच्यात तो गंध मुरू देत. परफ्यूमजवळ मात्र बाटलीत भरले तेवढेच असते. त्यातले हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागे राहतात.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ही उतरंड फार भराभर संपते, त्यामुळे हा प्रयोग डिसेंबरातल्या संध्याकाळी करणे उत्तम.

सकाळी पट्टी आणि छडी पुन्हा शेजारी धरावी. पट्टीवर चंदन आणि कस्तुरीची आठवण देणारा ऊबदार वास उरलेला असतो, तर छडीवर खालची फुले मलूल होऊन त्यांच्या वरच्या कळ्या उमलू लागलेल्या असतात.