इमॅजिकातला दिवस आणि बदलते बेत

खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाताना मी वेळापत्रक आखत नाही. घरातल्या प्रत्येकाला एकच विचारते, काय राहिलं तर तुला खरंच चुटपुट लागेल? आमच्याकडे लेकाचं 'नायट्रो' हे उघड्यावरचं रोलर कोस्टर, सासूबाईंचं 'आय फॉर इंडिया', म्हणजे पडद्यावरची भारताची सफर. तेवढं आधी उरका, बाकीचं खुशाल बदलू द्या.

धाकट्यांची उंची घरीच, चपला काढून मोजा आणि पार्कच्या नियमांशी ताडून पाहा. राइडच्या दारातून परत पाठवलेलं पोर किती हिरमुसतं, ते बघवत नाही.

पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी सर कधीही कोसळते, मग उघड्यावरच्या राइड थांबू शकतात. तिथे ताटकळू नका. छताखालचं काहीतरी गाठा, उघडीप झाली की 'नायट्रो'कडे परता. 'राजासॉरस' या पाण्यातल्या राइडमध्ये भिजायला होतं, म्हणून ती दुपारच्या उन्हातच घ्या, कपडे अंगावर सुकतात.

कुणी दमलं तर एकाने त्याच्याजवळ बसावं, बाकीच्यांनी फिरून यावं, मग अदलाबदल. आजीला बाकावर एकटं सोडायचं नाही, ही माझी ठाम अट. पांगण्याआधी भेटायची जागा आणि वेळ मुलांकडून वदवून घ्या. कोरडे कपडे पाठपिशवीतच ठेवा, गाडीत नको.