लास पाल्मास ते सेंट लुसिया: कुटुंबासह अटलांटिक ओलांडण्याची तयारी

ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मास बंदरातून निघून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला पोहोचायचे, तर अंतर सुमारे २,७०० सागरी मैल भरते. कुटुंबाच्या शिडाच्या बोटीचा सरासरी वेग साडेपाच नॉट, म्हणजे तासाला साडेपाच सागरी मैल, धरला, तर दिवसाला १३० मैल कापले जातात आणि प्रवासाला तीन आठवडे लागतात. तयारीची यादी बहुतेक जण सामानापासून सुरू करतात; आम्ही ती दिनक्रमापासून सुरू केली. समुद्रावर एकच दिवस पुन्हा पुन्हा वीस वेळा उगवतो आणि बोटीवर दोन मोठी माणसे व दोन मुले असली, की अन्नपाण्याच्याही आधी तुटवडा पडतो तो त्या दोन मोठ्यांच्या झोपेचा. म्हणून यादीतली प्रत्येक बाब त्या झोपेच्या हिशेबाने तपासावी.

निघण्याची तारीख आधी ठरवावी. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरला संपतो, त्यामुळे मुलांना घेऊन त्याआधी निघण्याची घाई करू नये. नकाशावर सरळ पश्चिमेची रेघ ओढण्याऐवजी प्रथम आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांच्या दिशेने दक्षिणेकडे उतरावे. लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जावे आणि मग पश्चिमेला वळावे, हा जुन्या खलाशांचा आडाखा आजही उपयोगी पडतो, कारण ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे तिथे भरवशाचे मिळतात.

रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांच्या पहाऱ्याच्या तीन-तीन तासांच्या चार पाळ्या कराव्यात आणि त्यांची सवय निघण्यापूर्वीच, बेटाबेटांमधल्या रात्रीच्या प्रवासात करून घ्यावी. झोपण्याच्या बाकांना घट्ट कापडी आडोसे शिवून घ्यावेत, कारण वारा पाठीमागून असताना बोट दोन्ही बाजूंना सतत डुलत राहते आणि आडोशाविना माणूस रात्रभर स्वतःला सावरण्यातच थकतो. स्वयंचलित सुकाणूला दुसरा पर्याय हवाच, आणि तो शक्यतो वाऱ्यावर चालणारा, विजेची गरज नसलेला असावा. हे एक यंत्र बंद पडले तर दोघांना आळीपाळीने दिवसरात्र सुकाणू धरून बसावे लागते. बूमला, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला, पुढच्या बाजूने रोखणारा दोर रोज बांधलेला असावा. संध्याकाळी वारा कितीही सौम्य वाटला तरी अंधारापूर्वी शीड आखूड करावे. रात्रीचे वादळी ढग जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आणि झोपलेल्या जोडीदाराला उठवून ओल्या डेकवर पाठवण्यापेक्षा वेगातले दहा-बारा मैल गेलेले परवडतात.

मुलांसाठी एकच नियम करावा आणि तो मोठ्यांनीही पाळावा: केबिनच्या पायरीवरून वर येण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट अंगात आणि पट्ट्याचा आकडा अडकवलेला. बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कठड्याला जाळी बांधावी. आपत्कालीन रेडिओ बीकनची नोंदणी बोटीच्या नावावर झाली आहे का, जीवरक्षक तराफ्याच्या तपासणीची मुदत शिल्लक आहे का, हे बंदरातच पाहावे. शाळा सकाळी, उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी घ्यावी. घड्याळाचे काम मात्र मुलांकडेच सोपवावे: कॅनरी बेटे आणि सेंट लुसिया यांच्या वेळेत हिवाळ्यात चार तासांचा फरक असतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी घड्याळ एक तास मागे घ्यायचे. पृथ्वी गोल आहे हे यापेक्षा चांगले शिकवता येईल असे मला वाटत नाही.

पाण्याचा हिशेब पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर असा धरावा. चौघांना एकवीस दिवसांत ३३६ लिटर लागतात. त्यावर तिसरा हिस्सा राखीव धरून ४५० लिटर गोडे पाणी भरावे. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असले तरी ते या हिशेबात धरू नये. पाणी किमान दोन टाक्यांत विभागावे आणि काही कॅन वेगळे ठेवावेत. ते काठोकाठ भरू नयेत, म्हणजे तराफ्यात उतरण्याची वेळ आलीच तर पाण्यात टाकलेले कॅन तरंगतात.

पहिले तीन दिवस बोट लागण्याचे असतात, म्हणून तेवढे जेवण बंदरातच करून ठेवावे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी यांनी आम्हाला ते दिवस काढू दिले. मुलांना मळमळीच्या औषधाची मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून द्यावीत, कारण त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी बोटीवर येतात. अंडी न धुतलेली, कधीही फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यावीत आणि वरचेवर उलटी करावीत. कांदे व बटाटे एकाच जाळीत ठेवू नयेत. प्रेशर कुकर अवश्य घ्यावा. गॅस वाचतोच, शिवाय हेलकाव्यात घट्ट झाकणामुळे उकळता भात कोणाच्या अंगावर सांडत नाही. भाताच्या पाण्यात एक वाटी समुद्राचे आणि तीन वाट्या गोडे असे प्रमाण ठेवले, तर वेगळे मीठ लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात कोबीही संपतो, आणि तेव्हा मटकी व मूग कामाला येतात. रात्री भिजवलेली मटकी सकाळी ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवली, की त्या उष्ण हवेत दुसऱ्या दिवशी डब्याचे झाकण मोडांनी वर उचललेले असते.

दोरांच्या झिजेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. चाचणीच्या एका रात्रीत आमच्या पुढच्या शिडाचा दोर काठीच्या टोकाशी घासत राहिला. सकाळी हात लावला तर वरचे विणलेले वेष्टण फाटून आतले पांढरे तंतू कापसासारखे फुलून आले होते. तेव्हापासून रोज उजाडताच डेकवर फेरी मारायची, प्रत्येक दोर बोटांनी चाचपायचा आणि घासण्याची जागा बदलावी म्हणून तो वीतभर सरकवायचा, असे ठरले. रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे मुले त्याच फेरीत गोळा करीत.

किनाऱ्यावरच्या एका नातेवाइकाला मार्ग, अपेक्षित तारीख आणि बीकनची माहिती लेखी द्यावी. संदेश दोन दिवस आला नाही म्हणजे संकट ओढवले असे नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहावे.

पोहोचल्यावर उभारायचा पिवळा ध्वज, पासपोर्ट आणि लास पाल्मास सोडल्याचा कागद एकाच पाकिटात ठेवावा. सेंट लुसियाचे दिवे रात्री दिसले तरी अंधारात आत शिरू नये. शिडे कमी करून उजाडेपर्यंत बाहेरच थांबावे, आणि त्या शेवटच्या रात्रीच्या पाळ्याही ठरल्याप्रमाणेच लावाव्यात.