पगार भरपूर, पण काम कंटाळवाणं: राजीनाम्याआधी चार आठवडे वही लिहा

आठ वर्षं मी एकाच टेबलावर बसून हिशेबांचा ताळमेळ घातला. एका बाजूला बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्या बाजूला आमची खतावणी. जुळलं की टिक, नाही जुळलं की शोधाशोध. पगार चांगला होता, दरवर्षी वाढत होता, साहेब सज्जन होते. तरी दुपारचे तीन वाजले की घसा दाटून यायचा. "सगळं तर ठीक आहे, मग तुला खुपतंय काय?" असं आई विचारायची आणि मला सांगता यायचं नाही. तेव्हा आधी ते 'काय' शोधा. नोकरी सोडायची की नाही हे नंतर.

एक छोटी वही घ्या. चार आठवडे, दर तासाला पेन्सिलीनं एक खूण करा. काम करताना मन लागलं तर गोल. तास नुसताच गेला तर रेघ. घड्याळाकडे बघत काढला तर फुली. शेजारी दोन शब्दांत काम काय होतं ते. संध्याकाळी आठवून भरू नका, कारण संध्याकाळी सगळाच दिवस वाईट वाटतो. सुट्टीच्या दिवशीही खुणा करा, पण वेगळ्या पानावर.

माझे कामाचे १६० तास झाले. गोल १९, रेघा ५८, फुल्या ८३. फुल्या एवढ्या निघाल्या याचं नवल वाटलं नाही. पण त्या ८३ पैकी ३१ एकट्या एका मासिक अहवालाच्या होत्या. आणि १९ गोलांपैकी १२ वेळा मी नव्या मुलीला काम शिकवत होते. हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं. मी 'नोकरीचा कंटाळा' म्हणत होते, त्यातला मोठा वाटा एका अहवालाचा होता.

सुट्टीच्या पानावरही फुल्याच फुल्या दिसल्या, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, तर राजीनाम्याचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. तो कंटाळा ऑफिस बदलून जात नाही. हे मी कळकळीनं सांगते आहे.

आता फुल्यांचं कारण बघा. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोन अमेरिकन अभ्यासकांनी काम माणसाला कशामुळे धरून ठेवतं याच्या पाच गोष्टी मांडल्या: कामात वेगवेगळी कौशल्यं लागणं, एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कुणाला तरी उपयोग असणं, ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक, आणि ते कसं झालं हे कामातूनच कळणं. या पाचांत पगार नाही. माझ्या अहवालात तिसरी गोष्टच नव्हती. तो कोण वाचतं हे मी साहेबांना विचारलं. त्यांनाही सांगता येईना. "दोन महिने बंद ठेवून बघू," म्हणाले. दोन महिन्यांत एकाही माणसानं तो मागितला नाही.

म्हणून सोडण्याआधी एक तरी बदल मागून बघा, आणि नेमका मागा. "काहीतरी इंटरेस्टिंग द्या" असं म्हटलं की कुणालाच काही करता येत नाही. मी म्हटलं, नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे द्या, आठवड्यातून दोन दिवस. मिळालं. त्यावर जवळजवळ वर्ष बरं गेलं. मग नवी भरती थांबली आणि गोलही थांबले. वर विचारलं, तर पुढे असं काम निघणार नाही असं स्पष्ट उत्तर आलं. खरा निर्णय माझ्यासमोर तेव्हा आला.

पैशांचं गणित कागदावर कितीही मांडलं तरी भीती जात नाही. डॅनियल काहनेमन आणि अमोस त्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की मिळवण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. म्हणून तालीम करा. जे काम मनात आहे त्यात सुरुवातीला जेवढे मिळतील तेवढ्यावरच सहा महिने घर चालवा. उरलेला पगार जमा झाल्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाका. मला शिकवण्यातून पगाराच्या निम्मे मिळणार होते. दुसऱ्याच महिन्यात गाडीचा हप्ता जड जायला लागला, चौथ्या महिन्यात गाडी विकली. किराणा, वीज यांचं काहीच अडलं नाही, आणि मी घाबरत होते ती नेमकी त्यांनाच. सहा महिन्यांनी दुसऱ्या खात्यात तीन पगार साठले होते, म्हणजे नव्या खर्चानं आणखी सहा महिने. घरात तुमच्यावर अवलंबून माणसं असतील तर ही तालीम त्यांना सांगून, त्यांच्यासोबतच करा.

याच काळात काही गोष्टी उरकून घ्या. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाणार असेल तर स्वतःचा आधी काढा. जुन्या आजारांना बऱ्याचदा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे त्यांचा खर्च विमा सुरुवातीचा काही काळ देत नाही. कर्ज लागणार असेल तर पगार चालू असताना मागा. नेमणूकपत्र काढून नोटिसीची मुदत आणि बाँडची अट पुन्हा वाचा.

नव्या कामाची चवही आधी घ्या, फुकट का होईना. शनिवारी मी सात-आठ जणांना हिशेब शिकवायला लागले, आणि वही तिथेही नेली. पहिल्या महिन्यात रेघा बऱ्याच होत्या, कारण तयारीत वेळ जायचा. तरी फुली एकच.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानंही वही लिहिली. त्याचे बहुतेक गोल घरी, संध्याकाळी चित्रं काढताना आले, आणि साडेपाचला सुटणाऱ्या या नोकरीमुळेच ती संध्याकाळ त्याला मिळत होती. तो थांबला. नोकरीकडून आनंद मागणं त्यानं सोडलं आणि तो खरोखर शांत झाला. त्याचा निर्णय माझ्या निर्णयाइतकाच पक्का आहे असं मला वाटतं.

वही मिटताना शेवटच्या पानावर एक तारीख घाला, साधारण तीन महिने पुढची. त्या दिवशी एका ओळीत 'जाते' किंवा 'राहते' लिहायचं. 'राहते' लिहिलं तर पुढच्या वहीची तारीखही तिथेच टाकायची. माझ्या पानावर 'जाते' आलं. नोटिसीचे दोन महिने मी त्या नव्या मुलीला सगळी खाती समजावून देण्यात घालवले. त्या दोन महिन्यांत फुल्या जवळजवळ नव्हत्याच.